मडमेचे डोये

तुमी विचारता ना, माहे डोये असे लाल काहून? घ्या चहा, सांगते.

माहे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, लय हौशी. बैठक सजवाची म्हणून त्यायनं एका कोनाड्यात इंझोरीच्या वावरात सापडलेला जुना दगडी नाग ठेवला. दुसऱ्या कोनाड्यात अकोल्याच्या लिलावातून आणलेलं एका मडमेचं मुंडकं. पांढरंफटक संगमरवर, अन् डोयात बाहुली नाही.

नागाले कोणी भेलं नाही. मुंडक्याले सगये भेले. सासू म्हणे, "आंधयी हाये बाई ते. घरभर चाचपडत फिरन."

भासरे हसले. "माय, दगड हाये तो. दगडाले कायले भेतं?"

त्यायची पाठ फिरली अन् सासूनं मरीमायच्या नवसाचे चांदीचे डोये काढले, मेण लावून मडमेले चिपकवले. "आता दिसते तिले. आता नाही चाचपडत."

दिसते, हेच तर वंगाळ झालं! आत पाय टाकला का पाहे. केर झाडाले वाकलं का पाहे. भासरे सुपारी फोडाले बसले, तर अडकित्ता हातातच राह्यला, तसेच उठून बाहेर आले. डोये काढावं, तर ते देवीचे. हात कोण लावन? शेवटी आपले डोये गच्च मिटून त्यायनं मुंडकं भिंतीकडं फिरवलं.

सासू म्हणे, "चला, आता कोणाकडं पाहून नाही राह्यली." सगये सुटल्यासारखे हसले.

मी काय बोलू? भासऱ्यासमोर तोंड उघडता येत नाही. त्या भिंतीच्या पल्याड माही खाट हाये.