बटण दाबलं होतं

"हॅलो?… हॅलो, आदिती?… अगं मी. प्रियदर्शनी… व्हय, मगदूम. नंबर सेव्ह न्हाई ठेवलास?… न्हाई न्हाई, कशाला ठेवशील. बरोबर हाय तुझं."

कसबा बावड्याच्या रस्त्याला दूध संघाचं ऑफिस, आणि ऑफिसच्या मागं दुचाक्या लावायची पत्र्याची शेड. तिथं आपल्याच स्कूटरवर, मांडीवर लॅपटॉप घेऊन प्रियदर्शनी बसली होती. सकाळपासून तिनं आदितीला पाच वेळा फोन लावला होता. आदितीचा उलट फोन आला तो पावणेतीनला. चार वाजता प्रियदर्शनीला संघाचे मॅनेजर विजयसिंह साहेब यांच्यापुढं उभं राहायचं होतं.

"पाच मिनिटं हाईत का तुला?… तीन? बरं, तीन. ऐक… अगं ऐक ना, ठेवू नकोस. संघाच्या साईटबद्दल हाय. 'डॉक्टर बोलवा'चं पान, जनावरांसाठीचं… व्हय, तेच. तू तवा म्हणालीतीस की पान दिसतंय पण बटण मेलेलं असतंय… तू बरोबर होतीस."

प्रियदर्शनीनं फोन कानावरनं काढून बघितला. चालू होता.

"हाईस ना?… हां. कसं कळलं म्हणजे… काल मी गेलते तिकडं. बिद्रीच्या पुढं एक गाव हाय, तिथल्या दूध संस्थेत नवा सेक्रेटरी घेतलाय, त्याला साईट शिकवायला. तिथं चिमणाबाई म्हणून एक मावशी आल्या. त्यांनी त्यांचा फोन माझ्या हातात दिला. म्हणाल्या, दाब की तूच… दाबलं. काय न्हाई. परत दाबलं. पान समोर हाय, अक्षर न् अक्षर दिसतंय, लाल बटण दिसतंय, आणि दाबलं की काय हूत न्हाई. घड्याळ लावलं मी शेवटी. बावन्न सेकंद, आदिती. बावन्न सेकंदानी बटणात जीव आला… न्हाई, एवढं कोण थांबतंय. म्हशीचं रेडकू अडलेलं असताना कोण थांबतंय."

आदिती दोन वर्षं तिच्या हाताखाली होती. मंगळवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांच्या कंपनीत, आण्णांच्या. संघाची साईट दोघींनी मिळूनच बांधली. सर्व्हर अख्खं पान तयार करून पाठवायचा, त्यामुळं ते झटक्यात दिसायचं, आणि प्रियदर्शनीला त्याचा फार अभिमान होता. पण पान हलतं-बोलतं व्हायला मागनं जावास्क्रिप्टचा, म्हणजे बटणं चालवणाऱ्या कोडचा, ढीग उतरावा लागे. ऑफिसच्या वायफायवर तो पापणी लवायच्या आत उतरायचा. गावात, जुन्या फोनवर, तो उतरत राहायचा.

"काय झालं विचारतीस… सांगते. तीन आठवडे झाले. चिमणाबाईंची म्हैस अडली. सकाळी. त्यांनी बटण दाबलं, काय झालं न्हाई. तशाच पळत संस्थेत गेल्या. तिथले सेक्रेटरी ज्ञानूदादा, त्यांनीबी आपल्या फोनवरनं दाबलं… आधी असतं तर फोनवर नोंद घेतली असती की. पण साईट आली आणि फोनची वही बंद केली संघानं. मीच म्हटलंतं बंद करा. दोन दोन नोंदी कशाला म्हणून… मग काय, ज्ञानूदादा गाडी काढून डॉक्टरांच्या मागं. डॉक्टर दुसऱ्या गावात. दोन तास गेले… म्हैस वाचली. रेडकू गेलं."

तिनं मांडीवरचा लॅपटॉप मिटला आणि परत उघडला.

"न्हाई, एवढंच न्हाई… सांगते की. सांगवत न्हाई, पण सांगते. संघानं विचारलं, नोंद का न्हाई म्हणून. माझ्याकडं अहवाल मागितला. मी सर्व्हर बघितला. त्या सकाळी त्या गावातनं एकबी विनंती आलेली न्हाई. कुठनं येणार, बटणच मेलेलं… मी काय लिहिलं माहिती हाय? 'प्रणाली सुरळीत आहे. विनंती करण्यातच आलेली नाही.' सही केली. दहा मिनिटं लागली असतील मला… व्हय. त्यावरनंच. ज्ञानूदादांना घरी बसवलं. चौदा वर्षं होते ते तिथं. खोटं बोलले, नोंद केलीच न्हाई, असं ठरलं… मी ठरवलं. माझ्या कागदानं."

रस्त्यावरनं एक टँकर गेला आणि शेडचा पत्रा थरथरला. तिनं दुसऱ्या कानावर हात धरला.

"काय?… आवाज येत नव्हता. परत सांग… न्हाई, त्या काय बोलल्या न्हाईत. चिमणाबाई. तेच तर. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला घरी नेलं, चहा केला. म्हणाल्या, तू त्या संघाचीच न्हवं, मग ज्ञानूला कामावर घ्या म्हणून सांग की, त्यानं माझ्यासमोर दाबलंतं बटण… त्यांना माहिती न्हाई आदिती. त्यांना वाटतंय मी शिकवणारी बाई हाय नुसती. मी चहा पिऊन आले. तोंडातनं शब्द निघाला न्हाई माझ्या. अख्खा कप प्याले."

हे सांगताना तिची मान खाली गेली होती. समोर कोणी नव्हतं, नुसत्या गाड्या. तरी गेली होती.

"व्हय, व्हय… त्यासाठीच केला फोन. तुझी ती टिपणं होती ना, जानेवारीतली? काय काय काढायचं त्याची. ती सापडली मला. सकाळपासून तीच घेऊन बसलेय. अठराशे केबी होतं सगळं मिळून. आलेखांचं काढलं, त्या पानावर आलेखच न्हाई. तारखांचं काढलं, जगातल्या साऱ्या भाषांतल्या तारखा उतरत होत्या त्या बिचारीच्या फोनवर. आयकॉन सहाच लागतात, दीड हजार होते… व्हय, हसू नकोस. बरं, हस. फॉर्म साधा केला. जावास्क्रिप्ट आलंच न्हाई तरी बटण दाबलं की विनंती सर्व्हरला जाणार… तूच लिहिलंयस ते, तिसरी ओळ… पण साडेसातशेवर अडलंय गं. मॅप जात न्हाई. मॅप त्या पानावर वापरलाच न्हाई, तरी येतोय मागनं. सगळीकडं शोधलं. चारला साहेबांना दाखवायचंय… हां. उघडते. कुठली?… सगळ्यात वरची? सगळ्या पानांची चौकट हाय ती? थांब."

तिनं फोन खांद्यात धरला आणि फाईल उघडली.

"उघडली… पहिली ओळ? वाचते. …अरे देवा. ही ओळ म्हणजे ही अख्खी फाईल ब्राउझरकडं पाठव. आणि हिच्या पोटात जे जे बोलावलंय तेबी सगळं. मेनू, मॅप, सगळं… कुणी घातली म्हणजे? मीच घातली. आठवतंय मला. चेअरमन साहेबांच्या वाढदिवसाचा बॅनर. उघडायचा-मिटायचा, वरनं कागदाचे तुकडे पडायचे. त्या बॅनरला ब्राउझर लागत होता, म्हणून घाईत ही ओळ वर टाकली. वाढदिवस झाला, बॅनर गेला, ओळ तशीच… व्हय, कळलं. ओळ काढायची, मेनूचं उघडायचं-मिटायचं बटण वेगळ्या छोट्या फाईलीत… केलं. बिल्ड लावलंय, पान परत बांधलं जातंय. थांब, एक मिनिट लागतंय."

आदितीनं दिलेली तीन मिनिटं कधीच होऊन गेली होती, पण तिनं फोन ठेवला नव्हता.

"झालं… एकशे बारा. आदिती, एकशे बारा केबी. मुद्दाम नेटवर्क सावकाश करून बघते… तीन सेकंद. सव्वातीन. आणि ते यायच्या आधी दाबलं तरी विनंती जातीय. गेली."

आनंद व्हायला हवा होता. एरवी तिनं खुर्चीवरनं उठून साऱ्या ऑफिसला ओरडून सांगितलं असतं. आत्ता तिला एवढंच वाटलं, की हे जानेवारीतसुद्धा अर्ध्या दिवसाचंच काम होतं.

"आदिती, जानेवारीतल्या त्या मीटिंगमध्ये मी जे बोलले ना… न्हाई, बोलू दे मला. तू तुझ्या आईच्या फोनवर काय होतंय ते सांगत होतीस आणि मी म्हटलं, तुझ्या आईच्या डबड्यासाठी साईट बांधायची काय आपण. सगळे हसले. मला बरं वाटलं सगळे हसल्यावर. तू दोन महिन्यांनी गेलीस, तवा मी म्हटलं, पुण्यात पगार जास्त हाय म्हणून गेली… आईला तू सांगितलं न्हाईस ना ते?… काय?… कॉलवर? तवा?… म्हणजे त्या दाबून दाखवत होत्या आणि तू स्पीकर…"

तिनं लॅपटॉपवरचा हात काढून घेतला.

"ऐकलं त्यांनी?… सगळं?… काय म्हणाल्या?… काहीच न्हाई. …फोन बदलला? माझ्या त्या बोलण्यावरनं?"

आदितीच्या आईनं दुसऱ्याच आठवड्यात नवा फोन आणायला लावला होता. लेकीला आपल्यामुळं ऑफिसात खाली बघावं लागलं, असं तिच्या मनानं घेतलं होतं. आदितीनं हे रागानं सांगितलं नाही. सांगून टाकलं फक्त, आणि त्यामुळंच प्रियदर्शनीला कुठं तोंड लपवावं ते कळेना.

"मी काय बोलू… माफ कर म्हणायलाबी… बरं. न्हाई म्हणत. तू म्हणतीस तर न्हाई म्हणत. …कागद? कुठला कागद? हां, साहेबांना द्यायचा. लिहिलाय की. वाचू?… 'काही तांत्रिक अडचणींमुळे त्या दिवशी विनंती नोंदली गेली नसण्याची शक्यता आहे. सदर अडचण आता दूर करण्यात आली आहे.' …का? काय झालं?… कुणाची अडचण म्हणजे?"

पलीकडं आदिती बोलत होती, आणि या बाजूला नुसतं 'हं' येत होतं. हं… हं… हं.

"व्हय. खरं हाय. यात ज्ञानूदादांचं नावच न्हाई. …आण्णांनी सांगितलंतं, नेटवर्कवर ढकल, कंपनीचं नाव घालू नकोस. मी म्हटलं मी काय नेटवर्कवर ढकलत न्हाई. आणि हे लिहिलं. मला वाटलं मी खरं लिहिलंय… थांब. काढते सगळं. सांगू नकोस, माझं मी लिहिते."

तिनं लिहिलं. मध्ये दोनदा खोडलं. मग हळू आवाजात, कोणी शाळेत उभं राहून वाचतं तसं वाचलं.

"ऐक. 'त्या दिवशी श्री. ज्ञानू यांनी विनंतीचे बटण दाबले होते. पान मी गरजेपेक्षा फार जड बांधले होते, त्यामुळे जुन्या फोनवर बटण चालत नव्हते. ही गोष्ट माझ्या सहकारी आदिती यांनी जानेवारीत मला सांगितली होती. मी ऐकली नाही. मागचा अहवाल मी गावात न जाता, फोन हातात न घेता लिहिला. तो चुकीचा आहे. ज्ञानू खरे बोलत होते.' …राहू दे तुझं नाव. राहू दे की… व्हय, जाईल काम. आण्णा ठेवणार न्हाईत कदाचित मला. बघू…"

शेडच्या तोंडाशी एक मोटरसायकल येऊन थांबली. उतरलेल्या माणसाचा सदरा कडक इस्त्रीचा होता आणि बगलेत प्लॅस्टिकची फाईल होती. त्यानं गाडी लावली, वळला आणि तिला बघून थबकला. मग हात जोडले.

"आदिती… थांब. ठेवू नकोस. ज्ञानूदादा आलेत."

"नमस्कार बाई," ज्ञानू म्हणाला. "तुमालाबी बोलीवलंय व्हय साहेबांनी? नोकरी सोडल्याच्या कागदावर माजी सही लागत आसंल तर सांगा कुटं करायची. करून जातो. तुमचा येळ नको घालवायला."

त्यानं खिशातनं पेन काढलंही. प्रियदर्शनी स्कूटरवरनं उतरली. फोन तसाच हातात, चालू.

"ज्ञानूदादा, सही तुम्ही करायची न्हाई," ती म्हणाली. "तुम्ही बटण दाबलंतं. तुम्ही खरं सांगत होता. खोटं मी लिहिलं. ते बटण मी केलंतं, आणि ते चालत नव्हतं. आता आत जाऊन तेच सांगणार हाय. आधी तुम्हाला सांगायला पायजे होतं. काल तुमच्या गावात आलते, तुमच्या दारावरनं गेले, आणि थांबले न्हाई."

ज्ञानूनं पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. तिनं लॅपटॉप त्याच्यापुढं धरला. त्यानं चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली, ओठ हलवत. आपलं नाव आलं तिथं बोट ठेवलं.

"यात कितींदा दाबलं ते न्हाई," तो म्हणाला.

"न्हाई. किती…?"

"नऊंदा. साहेबांनी इचारलं तवा मी नऊंदा म्हटलं, तर समदी हसली. येकदा कुनी दाबतंय, नऊंदा कोन दाबतंय म्हनाली. मी मोजलंतं बाई. ती म्हातारी म्होरं रडत हुती, मी मोजत हुतो."

प्रियदर्शनीनं फोन कानाला लावला.

"ऐकलंस?… हं… हं. ठेवते गं आता. लिहायचं राहिलंय."

तिनं फोन ठेवला आणि स्कूटरची सीट हातानं पुसून ज्ञानूला बसायला सांगितलं. "पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली. "मी लिहिते."