उमेदवार हेन्री, वय बावन्न

...आणि वर म्हणे, कागद कुठंय! अरे, कागद काय विचारता? तुम्हाला सांगतो, आमच्या मरोळ गावठाणात बटण दाबल्यावर जिथं जिथं दिवा लागतो ना, तिथं तिथं या हेन्रीचा हात लागलाय! सदतीस वर्षं झाली, एक माणूस करंटला चिकटला नाय! आणि आता समोरच्या सोसायटीची नवी सेक्रेटरी, शर्मिष्ठाबाई, चष्मा वर करून, “अंकल, यापुढे लायसनशिवाय मीटर रूमला हात नाही. कागद कुठंय?” बाई, ती मीटर रूम मीच उभी केली हो!

बरं, म्हटलं शिकू, त्यात काय! आयटीआयला गेलो. खिडकीतला म्हणतो, “मुलाचं ॲडमिशन का?” म्हटलं, नाय, माझंच. हसला तो... पोटभर हसला, आणि मग, “दहावीचा कागद कुठंय?” नववीतच टेस्टर हातात घेतलेला मी, दहावी आणू कुठून? मग घाटकोपरचा तो प्रायव्हेट क्लास, सहा आठवड्यांचा. सर्वेश सर पडद्यावर फ्यूजचं चित्र दाखवतायत, मध्येच पंखा बंद पडला, तर सरच विचारतायत, “कोणाला येतं का दुरुस्त करायला?” केला ना मीच! सर्टिफिकेट मिळालं, सोनेरी बॉर्डरवालं, झकास... बाईंनी उलटसुलट बघितलं, “हे सरकारी नाही.” वाट लागली!

शेवटी कोणीतरी सांगितलं, शाळा नसली तरी वायरमनच्या परीक्षेला बसता येतं, फक्त लायसनवाल्या कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली काम केल्याचा कागद पाहिजे. आता माझ्या ओळखीत लायसनवाला कोण? सांगा ना, कोण? माझी पोरगी! लविना!

दहा वर्षांपूर्वी हीच माझ्या मागे मागे, “डॅडी, मला वायरिंग शिकव ना,” आणि मी काय म्हणालो? मी, याच तोंडानं... “आधी आयटीआयचा कागद आण, मग माझ्या शिडीला हात लाव!” वाटलं, कंटाळेल, सोडून देईल. कुठली सोडतेय! आयटीआय केलं, ॲप्रेंटिसशिप केली, एकामागून एक परीक्षा काढल्या, आणि मी एका निकालाला साधा केक आणला नाय. लाज वाटते हो सांगताना.

गेलो तिच्याकडे. “बाय, लिही सदतीस वर्षं, मार सही.” तर म्हणते, “लायसन माझं आहे डॅडी, खोटं लिहिणार नाय. माझ्या हाताखाली येशील त्या दिवसापासून मोजीन.” आणि आमची आयडा, बायको म्हणायची ही, नवऱ्याच्या बाजूनं एक शब्द? “जा की मग! सात वाजता तयार राहा.”

म्हणून ही शिडी, वर ती, आणि खाली धरून उभा मी...

“डॅडी! कोणाशी बोलतोयस? शिडी धर!”

ऐकलंत? शिडी धरताना बोललो की तो दिवस ती मोजत नाय. सोमवारपासून येतोय, आज शुक्रवार... आणि तिच्या हजेरीच्या वहीत अजून एक दिवस नाय. जा हो तुम्ही, जा... गेला, आजचापण गेला.