झाकणाखालचं कडं

हॅलो?… हॅलो, कोण?… वहिनी? तुम्ही?… बरं झालं तुम्हीच केलात. मला वाटलं, दादाला पुढे कराल.

नाही, मी ओरडत नाहीये. इथे कारखान्यात औषधांच्या पॅकिंगची लाइन चालू आहे, मोठ्यानं बोलल्याशिवाय ऐकू जात नाही… थांबा, कपडे बदलायच्या खोलीत येते… हां. आता बोला. नाही, आधी मी बोलते.

सकाळी ग्रुपवर टाकलेलं ऐकलंत ना?… सगळ्यांनी ऐकलं? मग ऐकू दे. सगळ्यांनी ऐकावं म्हणूनच टाकलं. तीन मिनिटं बोलले, त्यातला एक शब्द मागे घेणार नाही मी.

अहो, ऐका ना… ऐका. मी काही हवेत बोलत नाही. काल दादानं फोटो टाकला. भाच्याचा, बुद्धिबळाचा कप घेऊन. मागे बाबांची खुर्ची आणि खुर्चीच्या मागे बाबांचं कपाट, दार उघडं. दिसल्या मला बाटल्या. मोठं करून करून बघितलं. सहा बाटल्या पाठवल्या होत्या मी, हृदयाच्या गोळ्यांच्या. एका बाटलीत तीस गोळ्या, रोज एक, म्हणजे एक बाटली महिनाभर. बरोबर?… बरोबर की नाही, एवढंच सांगा… हां. पार्सल पोचून झाले वीस दिवस. आणि चार बाटल्या उघडलेल्या. चार, वहिनी.

कसं कळलं म्हणजे? एकोणीस वर्षं मी दुसरं करते काय? झाकणाखालचं कडं. बाटली बंद असते तेव्हा झाकण आणि कडं एकमेकांना चिकटून असतात, मध्ये नखसुद्धा जात नाही. एकदा झाकण फिरवलं की कडं तुटून खाली राहतं. मग तुम्ही झाकण कितीही घट्ट लावा, मध्ये केसाएवढी फट राहतेच. दिवसाला आठ हजार बाटल्या जातात माझ्या डोळ्यांखालून. फोटोतली काय, झोपेतली फटसुद्धा दिसते मला. आमचे हे मला दुकानात नेत नाहीत आता. मी शँपूची झाकणं तपासत उभी राहते, दुकानदार बघत राहतो.

हो, हो… काय ऐकू? कपाटाची किल्ली बाबांकडे असते, माहीत आहे मला. शर्टाच्या खिशात असते. आणि बाबा दुपारी दोन ते चार झोपतात तेव्हा शर्ट कुठे असतो? खुंटीवर.

मी कुठे म्हटलं तुम्ही घेतल्यात? मी एवढंच म्हटलं की तुमच्या आईला डॉक्टरांनी ह्याच गोळ्या दिल्यात. ह्याच. आता त्याचा अर्थ ज्यानं त्यानं लावावा… दादानं काय लावला?… जेवला नाही? मग बोलावं ना त्यानं. मूग गिळून बसतो आणि मग जेवत नाही.

वहिनी, रडू नका. रडून काय होणार… नाही रडत? मग आवाज असा का येतोय?… कुठून?… दवाखान्यातून? का, तुमच्या आईला आणलंय का?… मग?

बाबांना?

कधी?… सकाळपासून? आणि मला आत्ता सांगताय? अहो, मी बोलते काय, आधी सांगायचं ना तुम्ही… मी बोलू देत नाही? बरं. नाही बोलत. सांगा… हं… धाप लागली… हं… पाय? किती सुजलेत?… चप्पल जात नाही पायात? कधीपासून?… आठ दिवस.

डॉक्टर काय म्हणतात?… हं… बघा. बघा, मी काय सांगत होते? गोळ्या पोटात जात नाहीयेत. डॉक्टरसुद्धा तेच म्हणतात ना? मग कोणाच्या पोटात गेल्या, वहिनी? हे आता मी नाही विचारत, डॉक्टर विचारतायत. मी इथे, पाचशे मैलांवर. मला बाबांचं जेवण करता येत नाही, हात धरून फिरायला नेता येत नाही. करते काय मी त्यांच्यासाठी? एक पार्सल. सहा महिन्यांतून एकदा एक पार्सल. रजा टाकून कंपनीच्या स्टोअरमधून स्वतः निवडून बाटल्या घेते, एकेक कडं बघून. आणि तेवढंही तुमच्याकडे धड पोचू नये? चीड येते हो मला. रात्री झोप लागली नाही त्या फोटोमुळे.

हो… हो, ऐकतेय. नर्सनं काय?… गोळी दिली, मग?… घेत नाहीत? बाबा?… का?… पाकीट फाटलेलं होतं.

शाबास बाबा.

नाही, हसत नाहीये. पण बघा, त्या अवस्थेतही माणसाची नजर बघा. चाळीस वर्षं गोदामाच्या फाटकावर होते. ट्रकच्या दाराचं शिशाचं सील तुटलेलं असलं तर आत घ्यायचे नाहीत, मालक स्वतः येऊन उभा राहिला तरी. एकदा मालकाचाच ट्रक परत पाठवला होता, माहीत आहे ना?… बरं. बरं, ते नंतर. पण नर्सला सांगा ना, नवीन पाकीट फोडा त्यांच्यासमोर… तेही नको म्हणतात? मग काय हवंय त्यांना?… मी? मी सांगायला हवं?

देते मी सांगून, द्या त्यांना फोन… थांबा, थांबा. आधी मला एक सांगा. त्या बाटल्या कुठे आहेत? कपाटातच?… पिशवीत? तुमच्याजवळ? डॉक्टरांनी सगळं घेऊन यायला सांगितलं, ठीक आहे. मग मोजा. उघडलेल्या चारी. डॉक्टरांच्या टेबलावर ओता आणि मोजा, म्हणजे आपल्या दोघींत वाद नको… मोजल्या? कोणी मोजल्या?… डॉक्टरांनी. मग सांगा ना. किती निघाल्या?

किती?… एकोणतीस. ही कोणती, शेवटची उघडलेली असेल… दुसरी?… एकोणतीस?… नाही, तीच परत मोजली असणार… तिसरी?

आणि चौथी.

म्हणजे चार बाटल्यांतून चारच गोळ्या गेल्या. एकेक… मग राहिलेल्या दोन?… अजून बंद आहेत. कडी नीट?… हो, तुम्हाला काय कळणार, खरंय, तुम्हाला मी हातच लावू दिला नाही कधी.

थांबा वहिनी. मला समजत नाहीये. चोरायचं असेल तर कोणी एकेक गोळी… नाही, तुम्हाला नाही म्हणत. कोणालाच नाही म्हणत. पण एकच गोळी घेऊन बाटली ठेवून का दिली?… बाबांनी? स्वतः?… डॉक्टरांना काय सांगितलं त्यांनी? नीट सांगा, जसं म्हणाले तसं.

हं.

"पहिल्या दिवशी सील होतं, घेतली… दुसऱ्या दिवशी बघितलं तर सील तुटलेलं."

परत सांगा… "मुलीनं सांगितलंय, सील तुटलेलं दिसलं की त्यातली गोळी घ्यायची नाही." असं म्हणाले?… आणि म्हणून दुसरी उघडली. लगेच त्याच दिवशी?… नाही? मग?… पुरवून पुरवून. पाच दिवसांनी एक. बाटल्या संपल्या तर परत मुलीला खर्च, म्हणून… आणि ह्या दोन जपून ठेवल्या होत्या.

मीच सांगितलं होतं. हो. ह्याच पार्सलचा खोका फाटून आला होता ना, तेव्हा. मी फोनवर तीनदा म्हणून घेतलं होतं त्यांच्याकडून. शाळेतल्या मुलासारखं. "सील तुटलेलं असेल तर?" "घेणार नाही." "वहिनींनी दिलं तर?" "तरी घेणार नाही." तीनदा… तुम्ही तेव्हा शेजारीच होतात? स्वयंपाकघरात. ऐकलं होतंत.

अहो, पण ते पहिल्या दिवसापुरतं होतं. उघडायच्या आधी बघायचं, एवढंच. एकदा आपण उघडली की कडं तुटणारच ना, ते तर कोणालाही… नाही. त्यांना नाही कळलं. कसं कळेल, मी ते म्हटलंच नाही. वहिनी, माझ्या डोक्यातच नाही आलं हो. माझ्यापुढे येतात त्या सगळ्या बंद बाटल्या. एकोणीस वर्षं बंदच बघितल्या मी. पुढे कोणी ती उघडतं, रोज एक गोळी घेतं, परत झाकण लावतं, हे मला…

आणि त्या फोटोत बाबा होते. खुर्चीत. पायाजवळ चपला होत्या, पायात नव्हत्या. मी बाटल्या मोठ्या करून बघत बसले.

काय गं?… नाही, तुम्हाला नाही वहिनी, इथे आमच्या लाइनवरची चष्मेवाली पोरगी आलीय बोलवायला… येते म्हणून सांग. सांग की घरचा फोन आहे. थांबू दे लाइन… थांबू दे म्हटलं ना.

हां वहिनी. डॉक्टर घाई करतायत?… द्या. बाबांना द्या फोन… स्पीकरवर? बरं, ठेवा स्पीकरवर.

बाबा?… बाबा, मी बोलतेय… हो, जेवले. तुम्ही कसे आहात? बोलू नका, दम लागतोय तुम्हाला. नुसतं ऐका. नर्सबाई गोळी देतायत ना, ती घ्या… हो, पाकीट फाटलेलं असलं तरी… मीच सांगतेय, हो. दुसरं कोणी नाही, मीच.

नाही बाबा. तुम्ही बरोबर केलंत. मी सांगितलं तसंच केलंत. मी चुकीचं सांगितलं… चुकू शकते ना मी? एकोणीस वर्षं झाली म्हणून काय झालं?

ट्रकचं वेगळं. अहो, ट्रकचंसुद्धा बघा, सील फाटकापर्यंतच असायचं ना? फाटकात तुम्ही बघायचात, मग स्वतःच कापायचात. कापल्यावर माल परत पाठवायचात का?… मग. तसंच. कपाटातल्या त्या बाटल्यांची सीलं तुम्हीच तोडलीत… तुम्हीच, बाबा. चारी. एकेक करून, गोळी घेताना. दुसऱ्या कोणी नाही.

काय?… सकाळचं? तुम्हाला कोणी ऐकवलं?… भाच्यानं मोबाइल लावला होता मोठ्यानं. हं.

हो, मी म्हटलं होतं, घरातलं माणूस उघडतंय म्हणून… म्हणून तुम्ही सकाळी वहिनींच्या हातचा चहापण घेतला नाहीत?

बाबा, मी खोटं बोलले. चुकून नाही, खोटंच. बघितलं नव्हतं, विचारलं नव्हतं आणि बोलले. वहिनींनी त्या बाटल्यांना हात लावला नाही. मीच लावू दिला नव्हता. लावू दिला असता तर त्यांनी रोज सकाळी चहाबरोबर गोळी दिली असती तुम्हाला, आणि आज तुम्ही घरी असतात… ऐकतायत त्या? असू देत. ऐकू दे.

नाही, नर्सच्या हातून नको. वहिनींना द्यायला सांगा. त्यांच्या हातून घ्या… बघू नका उलटीपालटी करून. बाबा, बघतच बसणार का? जिभेखाली ठेवायची आहे?… बरं, ठेवा. मी आहे. मी धरून आहे फोन.

…

ठेवली?… ठेवलीत? बोलू नका, नुसतं हूं म्हणा.

हां.

वहिनी… वहिनी, घेतली का त्यांनी?… बरं. डॉक्टर काय म्हणतायत?… दोन दिवस ठेवून घेणार. पण धोका?… नाही म्हणाले? नक्की असंच म्हणाले?… बरं. बरं. मी रात्रीच्या गाडीनं निघते… नको? का नको?… हो. खरंय. मी येऊन अजून काय करणार. नाही, टोमणा म्हणून नाही घेतला.

वहिनी, मला बोलायचंय. ते सकाळचं… नंतर?… बरं, नंतर. नाही, तुम्ही बोला. मी ऐकते. आता मी मध्ये बोलणार नाही.

हं… किल्ली तुमच्याकडे. हो. ठेवा तुमच्याकडेच… हं… रोज तुम्ही द्याल. हो.

पार्सल?… आता नको पाठवू? पण वहिनी, मी तर… हं… तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातून. तुमच्या आईच्या आणता तिथूनच. समजलं… नाही, नाही, चांगलंच असेल दुकान. मी कशाला काही म्हणू.

नाही, ऐकतेय. फक्त एक, आणताना तेवढं झाकणाखाली जरा…

नाही. काही नाही, वहिनी. काहीच नाही. आणा तुम्ही, तिथूनच आणा… हो. ठेवते.