नव्या नागलीची भाकर

पेठच्या एसटीची वाट बघत मी नाशिकच्या स्टँडवर बसले होते. शेजारच्या बाकावर मायलेक होते.

"आये, रविवारी तुझा बाप्तिस्मा. मंग सरगात काम नाय, दुखणं नाय, भूकपण नाय."

"बरं हाय बाबा. लय दमले मी. पण दिसभर करायचं काय?"

"देवाची गाणी म्हणायची."

"माझा गळा ऐकून तुझा बा शेतावर पळायचा. तो हाय ना तिथं?"

"त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता, आये."

"मंग नाय तो तिथं."

"माझ्यासाठी तरी हो म्हण."

"तुझ्यासाठी उतरते पाण्यात, सुनील. पण नवी नागली निघाली का पहिली भाकर मी तुझ्या बाच्या नावानं ठेवते. तेवढ्या दिशी मला सरगातून घरी सोडतील का, पास्टरला इचारशील?"