चार हात सरकलेली खुंटी

—आता खोदायच्या मापाची खुंटी चार हात सरकली म्हनून थेट पुन्याहून मानूस धाडायचा? धाडला बाबा! बसा सायेब, चहा घ्या. गारच हाय—अकोले तालुक्यातल्या ह्या डोंगरावर आपल्या आदी वारंच चहा पितंय. मी चांगुना, ह्या खोदकामावर भाकऱ्या थापती. दुष्काळात खडी फोडन्यापरीस बरं. नकाशाचं मला काय ठावं? खुंटी वाऱ्यानं सरकली असंल. आन् सरकून परत नीट ठोकली बी गेली? व्हय, आमचं वारं लई गुनाचं हाय.

तुमचे सायेब बी गुनाचेच की. परवा माझंच दह्याचं फुटकं गाडगं घावलं—मीच टाकल्यालं—तर बरशानं घासून, नंबर टाकून, कापसात गुंडाळलं! मी बोलले का? न्हाई बोलले. गाडग्याचं नशीब उघडलं, आपन कशाला आड यावं? मग तोंडाला तोंड लावल्याली दोन मडकी घावली, त्यांत तान्ह्या लेकराची हाडं निगाली. तीन हजार वरसांची म्हनं. दोन दिस खल चालला—जाळलं का न्हाई, पुरलंच का? एवढी शिकल्याली मानसं, पर चुलीपाशी बसल्याल्या बाईला इचारावं असं कुनाला वाटलं न्हाई. आवो, दात न आल्यालं लेकरू कोन जाळतंय? पुरत्यात. आमच्यात बी तसंच. मडकं कुठलं, लुगड्याच्या धडप्यात— ऱ्हाऊ द्या. चहा प्या.

काय बघताय? जांभळीखाली? तिथं कायबी न्हाई. दगड हायेत—डोंगरावर दगड नसत्यात व्हय? गोल रचल्यात, ते गुराख्यांनी. आन् हळद? हळद वांदरांनी वाह्यली! तीन हजार न्हाई, सायेब, येत्या आखाडात चार वरसं हुत्याल. तुमच्या पेटीत ठिवावं एवढं जुनं न्हाई ते.

उद्या तिथंच खनायचं ठरलं हुतं. तिला बी बरशानं घासत्याल, मला न्हाई सोसायचं. पानी आनाया मी निगाले, तवा मीच सरकवली खुंटी.

हातोडा घेतलात? घ्या. सरकारचा नकाशा हाय, तुमचं बी खरंच... खाली का ठिवला? काय, नाव? नाव न्हवतं वो. बाराव्या दिशी ठिवायचं, ती नवव्या दिशीच गेली.

वही मिटा. हाय त्या खुंटीपासनं माप घ्या, आन् जा आता. मला भाकऱ्या टाकायच्यात.