डावी बाजू मेली हाय

हसू नका, पण हल्ली कुणाच्या घरी मशीन उघडायच्या आधी मी विचारून घेतो, आत कुणी झोपलंय का. ही सवय लागली पळसदरीच्या दिलीपमुळं.

त्याच्या वडलांचा, आप्पांचा, जुना अँप्लिफायर होता. भजनाला लावायचे तो. एका बाजूचा स्पीकर वाजेना म्हणून दिलीपनं मला बोलावलं. ओटीवर बसून मी दोन्ही स्पीकरच्या वायरींची अदलाबदल केली, तर बंद होता तो वाजायला लागला आणि वाजत होता तो मुका झाला. म्हणजे स्पीकर चांगले, दोष अँप्लिफायरच्या पोटात. दोष सापडल्याचा मला भारी आनंद! मोठ्यानं ओरडलो, "दिल्या, डावी बाजू पार मेली हाय रं! वय झालं आता. उगा हाल कशाला करतोस? दे टाकून भंगारात!"

"मी घरात कवापासून तेच सांगतोय," दिलीप म्हणाला. "नुसती जागा अडलीय."

तेवढ्यात आतून खोकल्याचा आवाज आला.

आत खाटेवर आप्पा होते. लकव्यानं त्यांची डावी बाजू गेलेली. आम्ही दोघंही एकदम गप्प. एकमेकांकडे बघायचीसुद्धा चोरी.

शेवटी मलाच राहवेना. आत जाऊन म्हणालो, "आप्पा, मी त्या अँप्लिफायरबद्दल बोलत होतो."

"म्हाईत हाय मला," आप्पा जड जिभेनं म्हणाले. "पन मग मी खोकल्यावर तुमी दोगं गप का झालात रं?"