तीन वाजताची थाळी

इतवारीत रॉकेलच्या रांगेत सुशीलाबाईंच्या पुढे दोघी बोलत होत्या. महिलाश्रमाच्या यमुताई, आणि महिन्यापूर्वीच आश्रम सोडून लेकीसह खोली घेतलेली कौसल्या.

"पोर जेवते ना नीट?"

"घंटा वाजल्याबिगर घास नाही घेत, ताई. आश्रमाची सवय."

"मग काय करतेस?"

"थाळीवर पळी वाजवते."

"शेजारी कुरकुरत नाहीत?"

"पहिले कुरकुरले. मंग मीच घरोघर सांगून आली. सकाळी दहाले अन् सांजच्याले सातले वाजली तं पोर जेवून राहिली समजा. बाकी कवाही वाजली तं धावत या."

यमुताईंनी आवाज खाली आणला.

"नवरा आला होता का गं?"

"काल, दुपारी तीनले. घरी चाल म्हणे. हात धरला. दुसऱ्या हातानं मी थाळी वाजवली."

"आलं कुणी?"

"सारा मोहल्ला आला. शेजारचे नत्थूभाऊ तं गालाले साबण तसाच घेऊन आले. नवऱ्यानं माहा हात सोडला, पण दारातून हलेना. तेवढ्यात पोरगी मागून आली, पाट मांडला अन् जेवायले बसली."

"भर तीन वाजता?"

"थाळी वाजली होती नं, ताई."

रांग पुढे सरकली. सुशीलाबाईंचा डबा तिथंच राहिला.

"मग तू काय केलंस?"

"वाढलं. पोर पोटभर जेवेपर्यंत सारे दारातच उभे होते. तो मधातच निघून गेला."